सायकलची साफसफाई आणि ऑइलिंग करताना उकिडवं बसून गुडघे भरून येतात. बसायला काय घ्यावं?

आंघोळीला वापरतात तसलं बुटकं प्लास्टिकचं स्टूल घ्या, 25 ते 30 सेंटीमीटर उंचीचं. मोठ्यांच्या सायकलची पेडलं ज्याभोवती फिरतात तो मधला एक्सल जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असतो आणि चाकाचा त्याहून थोडा वर, त्यामुळे चेन, गिअर सगळं पुढ्यात येतं. पाट फार खाली पडतो. त्यावरून उठतानाच गुडघे बोलतात. खुर्चीवर बसलात तर कंबर वाकते, म्हणजे दुखणं फक्त जागा बदलतं.

बसायचं सायकलच्या उजव्या बाजूला, कारण चेन तिकडे असते. डाव्या हातात फडकं घेऊन चेनचा खालचा पदर चिमटीत धरा आणि उजव्या हाताने पेडल उलटं फिरवा. चेन आपोआप फडक्यातून सरकत पुसली जाते, तुम्हाला जागचं हलावंही लागत नाही. साइड स्टँडला पेडल अडत असेल तर सायकल भिंतीला टेकवा.

चाकांचं स्टूल घरातल्या फरशीवर मस्त, पण पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकवर त्याचा काही उपयोग नाही. साधं स्टूल तेलकट फरशीवर सटकतं, म्हणून खाली गोणपाट टाका. पान्हे, फडकी, तेलाची बाटली एका ट्रेमध्ये शेजारीच ठेवा, नाहीतर दर मिनिटाला ऊठबस.

ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणारे असतील तर सोयीसाठी सायकल उलटी करू नका, त्या नळीत हवा जाऊ शकते.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र रिपेअर स्टँडच घ्या. सायकल छातीपर्यंत वर येते, काम उभ्यानेच होतं.