पाव तास मोठा की अर्धा तास?

“मॅडम, आमचं मूल पाहून शिकणारं आहे की ऐकून?” हा प्रश्न आईवडील विचारतात, आता शिक्षकही विचारू लागलेत. बहुतेकांनी कुठली तरी प्रश्नावली भरलेली असते. त्यातून एक शिक्का मिळालेला असतो आणि शिक्क्याबरोबर थोडा दिलासाही, की मूल ‘ढ’ नाही, आपली पद्धतच चुकत होती. तो दिलासा काढून घ्यायला माझं मन धजत नाही. पद्धत खरंच चुकलेली असू शकते. फक्त ती नेमकी कुठे चुकली, ते या शिक्क्यावरून कळत नाही.

अशाच एका आईची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील वगळून. तिला दोन मुलं. मोठा सातवीत, धाकटी पाचवीत. दोघांचा अभ्यास ती स्वतः घ्यायची.

“दादाला एकदा सांगितलं की पुरतं,” ती म्हणाली. “हिला तेच, तसंच, चारदा सांगते. चाचणीत ही ‘पाहून शिकणारी’ निघाली, म्हणून रंगीत तक्ते केले, व्हिडिओ दाखवले. अपूर्णांक काही डोक्यात शिरत नाहीत.”

धाकटी शेजारी बसून पेन्सिलीचं टोक बोटावर फिरवत होती. ‘दादाला एकदा’ हे शब्द आले की तिचं बोट थांबायचं. मी ते मनात टिपून ठेवलं.

आईला म्हटलं, “आता मी हिच्याशी बोलते. तुम्ही ऐका, पण मध्ये काही सांगू नका.” त्या दिवशी आईसाठी सगळ्यात अवघड काम हेच होतं.

कागदावर १/२ आणि १/४ लिहून विचारलं, “मोठं कोणतं?”

“एक छेद चार.”

आई पुढे झुकली. मी हातानेच थांबवलं. “कसं गं?”

“चार मोठे ना दोनापेक्षा.”

इतकं सरळ उत्तर! ती अंदाज मारत नव्हती. तिच्याकडे एक नियम होता आणि तो ती इमानदारीने लावत होती. पूर्ण संख्यांच्या जगात चार दोनापेक्षा मोठेच असतात. अपूर्णांकांशी पहिली गाठ पडते तेव्हा असंख्य मुलं हाच नियम सोबत घेऊन येतात. चारदा समजावताना तो नियम कुणी विचारला नव्हता. सुंदर रंगीत तक्ते त्याच नियमावर चढत गेले होते.

मी कागद उलटा केला. “पाव तास मोठा की अर्धा तास?”

“अर्धा तास!” माझ्याकडे तिने अशा नजरेने पाहिलं, की मावशीला एवढंही कळत नाही का.

“तासाचे किती सारखे भाग केले की एक भाग पाव तासाचा होतो?”

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. ओठ हलत होते. “पंधरा मिनिटं... तीस... पंचेचाळीस... चार.”

“मग पाव तास आकड्यात लिही बरं.”

तिने १ लिहिला, खाली रेघ ओढली आणि पेन्सिल तिथेच थांबली. बराच वेळ. अशा वेळी बोलायचा मोह मलाही होतो. वीस वर्षांच्या कामात मी काय शिकले असं कुणी विचारलं, तर ही शांतता सांभाळायला शिकले असं मी सांगेन. मग तिने रेघेखाली ४ लिहिला, कागद उलटून मघाचा १/४ पाहिला आणि जवळजवळ ओरडलीच. “अगं आई, हा पाव आहे! खालचा चार म्हणजे तुकडे किती केले ते! जास्त तुकडे केले तर एकेक छोटाच होणार ना!”

पाव, अर्धा, पाऊण हे शब्द ती लहानपणापासून बोलत होती. बोलण्यातला पाव आणि वहीतला १/४ यांची भेट मात्र कुणी घालून दिली नव्हती. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. “हिला हे येत होतं?” एवढंच ती म्हणाली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडलं, की शिकण्यावर सगळ्यात मोठा परिणाम होतो तो शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे याचा. मी या विचाराच्या बाजूची आहे आणि ते लपवत नाही. पाहून, ऐकून, करून शिकणाऱ्यांचे गट पाडून प्रत्येकाला ‘त्याच्या’ पद्धतीने शिकवलं तर जास्त येतं, हा दावा चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनावर तपासला. त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच आहे. पण भूमितीची आकृती सगळ्यांनी पाहायचीच असते आणि कविता सगळ्यांनी ऐकायचीच असते. माध्यम आशयाकडे बघून निवडावं.

मग फरक कुठे पडतो? आधीच्या माहितीत. एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरता येतात यात. मोठ्यांनाही साधारण चारच नव्या गोष्टी एकत्र धरता येतात आणि लहानांना त्याहून कमी. आई एका दमात पाच पायऱ्या सांगायची आणि तिसरीला पहिली निसटायची. आम्ही पायऱ्या कागदावर उतरवल्या, तेवढ्याने निम्मा गोंधळ मिटला. आणि फरक पडतो भीतीत. ‘दादाला एकदा’ ऐकल्यावर डोक्यातली थोडीशी जागा भीतीच खाऊन टाकते आणि गणिताला उरतं त्याहून कमी. ते वाक्य घरात बंद झालं. त्यासाठी मला आईशी दोन वेळा एकटीने बोलावं लागलं, कारण ती स्वतःही अशाच तुलनेत वाढली होती.

तिसऱ्या भेटीत ती वेगळीच तक्रार घेऊन आली. “धाकटीला सोडवलेली उदाहरणं पायरीपायरीने दाखवते, तिला छान जमतंय. तेच दादाला समीकरणांसाठी केलं तर तो चिडतो. म्हणतो, मला माहीत आहे गं, थांब ना.”

मला मनापासून आनंद झाला, कारण आता ती मुलांकडे पाहून प्रश्न विचारत होती. नव्याने शिकणाऱ्याला सोडवून दाखवलेल्या उदाहरणाचा आधार लागतो. विषयात मुरलेल्याला तोच आधार अडथळा होतो, कारण जे येतंय ते पुन्हा वाचण्यात त्याची शक्ती जाते. हे प्रयोगांतून वारंवार दिसलं आहे. म्हणून धाकटीचा आधारही एकेक पायरी गाळत काढायचा असं आम्ही ठरवलं. आधी शेवटची पायरी तिने करायची, मग शेवटच्या दोन. दादाला आधी कोरं उदाहरण द्यायचं आणि अडला तरच बोलायचं. उद्या समीकरणं सोपी झाली आणि भूमिती नवी आली, की दादालाही आधार लागेल. म्हणजे हा फरक मुलावर कायमचा छापलेला नसतो, विषयागणिक बदलत जातो.

शिक्षक म्हणतात, चाळीस मुलांच्या वर्गात हे कसं जमणार? नवा धडा सुरू करण्याआधी एकच प्रश्न द्या, ‘मोठं कोणतं आणि का’ असा, आणि ‘का’ लिहून घ्या. चाळीस चिठ्ठ्यांत चाळीस कारणं निघत नाहीत, बहुधा तीन-चारच निघतात. तेवढे गट कुणालाही सांभाळता येतात.

एक सावधगिरी मात्र हवी. फळ्यावरचं दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल किंवा नेटाने मदत करूनही अक्षरं-आकडे महिनोन्‌महिने जागा बदलत असतील, तर घरच्या प्रयोगांवर थांबू नका. डोळे-कान तपासा, अध्ययन अक्षमतेची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. तिथे उशीर मुलाला महाग पडतो.

महिन्याभराने आईचा फोन आला. “मॅडम, काल दादाला विचारलं, ऋण गुणिले ऋण काय होतं, आणि का? उत्तर बरोबर दिलं त्याने. का, तर म्हणे नियम आहे.” जरा थांबून ती म्हणाली, “त्याला मी कधी ‘कसं’ विचारलंच नव्हतं. आता सुरुवात कुठून करू?”

“त्याला काय माहीत आहे, तिथून,” मी म्हटलं. मागून धाकटीचा आवाज आला, “दादा, थांब, मी घड्याळ आणते!”