राजीनाम्यावरची रिकामी तारीख

“मॅडम, तुमचा पंखा पांढरी पाचमध्ये घुमतोय. किंचित चढा.”

सल्ला घ्यायला आलेल्या नितीनचं माझ्याकडचं हे पहिलं वाक्य. पंख्याचा सूर पेटीच्या पट्टीत मोजणारं. बोलला आणि लगेच ओशाळला. (नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहायला त्याची परवानगी आहे.) मग त्यानं मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. कंपनीला द्यायचा राजीनामा टाइप करून ठेवला होता. चार ओळींचा, नीटनेटका. फक्त तारखेची जागा रिकामी.

“कधी लिहिलाय?”

“गेल्या वर्षीच्या गणपतीत.”

आम्ही बोलत होतो नोव्हेंबरात. म्हणजे चौदा महिने तो कागद खिशात घेऊन हा माणूस कामावर जात होता.

वय २९. मेकॅनिकलचा डिप्लोमा. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला. मशिनिंग होऊन आलेल्या कास्टिंगची मापं घ्यायची, ब्लो-होल, म्हणजे आतल्या हवेच्या पोकळ्या, शोधायचे, पास-रिजेक्ट करायचं. हातात महिना ३१,०००, पाळ्या तीन. आताच यायचं कारण असं की कंपनीनं बढती देऊ केली होती, पण पुण्याच्या प्लांटला. पुण्याला गेलो तर गाणं संपलं, असं त्याचं म्हणणं. आणि इकडं एका दिवाळी पहाटेतला त्याचा अभंग मोबाईलवरून गावभर फिरला होता. लोक रस्त्यात थांबवून म्हणत होते, “भावा, नाद खुळा! सोड की ती कंपनी.”

नोकरी सोडून आवडीचं करू का, हा प्रश्न घेऊन बरेच जण येतात. कुणाचं गाणं असतं, कुणाचं नाटक, कुणाची कुस्ती. कोल्हापुरात त्याला एक वेगळीच धार येते. कलाकाराचं कौतुक करायला आपण पुढं, आणि त्याच कलाकाराला मुलगी द्यायची म्हटली की “पगार किती?” नितीनची दोन स्थळं याच प्रश्नावर अडली होती.

इथं माझी चूक सांगते. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, “आधी सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला काढा, मग बघू.” सल्ला बरोबर होता, पण वेळ चुकली. त्याला त्यात फक्त ‘नको’ ऐकू आलं. तीन आठवडे फिरकला नाही. आला तेव्हा तयारीनं आला. “बाबूजी कोल्हापूरचेच ना? सुधीर फडक्यांनी आधी नोकरी बघितली का? आणि अल्लादिया खाँसाहेब?”

खाँसाहेबांचं नाव इथं प्रत्येक गाणारा काढतो, आणि काढावंच. पण ते शाहू महाराजांचे दरबार गवई होते. म्हणजे पगारी माणूस. १९२२ साली महाराज गेले आणि पुढं खाँसाहेबांनीही कोल्हापूर सोडून मुंबई गाठली. आश्रय सुटल्यावर काय करायचं, हा हिशेब त्यांनाही चुकला नाही. हे मी नितीनला वाद जिंकायला सांगितलं नाही. तो हसला, म्हणाला, “हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही.” त्या हसण्यानंतर काम सुरू झालं.

मी त्याला दोन वह्या घालायला सांगितल्या.

पहिली वही पैशाची. मागच्या बारा महिन्यांतला प्रत्येक कार्यक्रम: तारीख, कुणी बोलावलं, किती ठरले, हातात किती आले, खर्च किती. कार्यक्रम निघाले २३. मिळाले ९४,०००. तबलजीचे, पेट्रोल, ट्रॅक, इस्त्रीचे कुर्ते वजा जाता उरले ६८,०००. महिन्याला पावणेसहा हजारही नाहीत. २३ पैकी १४ गणपती ते दिवाळी या पट्ट्यातले, त्यातही पितृपंधरवडा कोरडा. अनोळखी माणसाचा फोन येऊन ठरलेले फक्त चार. बाकी मित्र, मावसभाऊ, कंपनीतल्या साहेबांच्या घरची हळद. आकडा बघून तो खचेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. “मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहेत,” म्हणाला.

खचला तो दुसऱ्या वहीनं. ती रियाजाची. चार आठवडे रोज किती मिनिटं बसलो, एवढंच लिहायचं. खोटं लिहिलं तरी मला कळणार नाही, हेही सांगितलं होतं. कामाच्या दिवशी सरासरी ३५ मिनिटं. आणि सुट्टीच्या दिवशी, जेव्हा पाळी नाही, साहेब नाही, मशीनचा आवाज नाही, तेव्हा २०. एका रविवारी शून्य.

वही माझ्याकडं देताना त्यानं मान वर केली नाही.

नोकरी गाण्याच्या आड येत होती, हे खोटं नव्हतं. रात्रपाळी करून आलेला गळा सकाळी खर्ज लावायला तयार नसतो, आणि शॉपमध्ये दिवसभर ओरडून बोललं की संध्याकाळी आवाज बसतो. पण तीच नोकरी नितीनचा आडोसाही होती. ‘वेळ मिळाला असता तर मी दाखवलं असतं’ एवढं वाक्य ती रोज त्याला पुरवत होती. राजीनाम्यावर तारीख पडली की ते वाक्य जाणार होतं. चौदा महिने तारीख का पडली नाही, ते आम्हा दोघांनाही त्या दिवशी दिसलं.

“दाखवायचं कुणाला होतं?” मी विचारलं.

बराच वेळ पंखाच घुमत होता. मग चार वर्षांपूर्वीची गोष्ट निघाली. गांधर्व मंडळाच्या विशारद या गायनपरीक्षेची तयारी चालली होती. एका संध्याकाळी गुरुजींनी मध्येच थांबवलं. म्हणाले, “तुझा सा अजून बसलेला नाही.” पुढच्या महिन्यापासून यानं क्लास सोडला. घरी कारण सांगितलं पाळ्यांचं. तेव्हापासून तो ट्रॅकवर, म्हणजे तयार साथीच्या रेकॉर्डिंगवर, गातो. ट्रॅकवर थोडा एको लावला की बरंच झाकून जातं. तानपुऱ्यापुढं काहीच झाकत नाही. हे त्याचेच शब्द.

“त्यावर गुरुजींनी काय करायला सांगितलं होतं?”

“सकाळी अर्धा तास नुसता सा लावायचा.”

म्हणजे गुरुजींनी घरचा अभ्यास दिला होता आणि यानं तो निकाल म्हणून ऐकला होता. चार वर्षं.

गाणं चांगलं की वाईट, हे सांगणारी मी कोण? मला अभंग ऐकून डोळ्यांत पाणी येतं, त्याला काही अर्थ नाही. रस्त्यात थांबवणाऱ्या मित्रांच्या मतालाही नाही. ज्याचं मत ऐकायची भीती वाटते, त्याच्याकडंच जायला हवं होतं. तो गेला. लगेच नाही; आधी दोनदा देवल क्लबात, कोल्हापुरातल्या जुन्या संगीतसंस्थेत, बैठक ऐकायला जाऊन मागच्या रांगेत बसून आला, मग गेला. गुरुजी रागावले नाहीत, कौतुकही केलं नाही. “उद्या साडेपाचला ये,” एवढंच म्हणाले.

मधल्या काळात वडील आले. केएमटीचे, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेचे, निवृत्त ड्रायव्हर. मुलाच्या गाण्याच्या मध्ये येणारा बाप, असं चित्र नितीननं माझ्यापुढं उभं केलं होतं. त्यांनी बसल्याबसल्या प्लॅस्टिकची फाईल उघडली. आतमध्ये दवाखान्याचं बिल. दोन वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसले, सगळं कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून.

“मी गाण्याला नको म्हणालोय व्हय मॅडम? ह्यो कागद उद्या चालंल का, एवढंच इचारतोय. ते कुणी सांगंना.”

आई शेजारी बसल्या होत्या. “मी तर त्येच्या परत्येक कार्यक्रमाला गेलो,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी न्हेऊन सोडलं मला.”

बापलेकांनी दोन वर्षं गाण्यावरून भांडण केलं आणि मुद्दा विम्याचा होता. नितीनला तो सुचलाच नव्हता. अशा घरांत मी आता हा कागद आधी मागते. नोकरी सुटली की ग्रुप विमा थांबतो. आधीचा आजार असलेल्या माणसाला नव्या पॉलिसीत त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, आणि मग आधीची वर्षं धरली जातात. पण ती चौकशी राजीनाम्याच्या आधी करायची. दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाची. नितीनला चार वर्षं चार महिने झाले होते. कायम कामगाराला पाच वर्षं भरावी लागतात. शेवटचा बेसिक (महागाई भत्ता असला तर तोही धरून) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. त्याचा बेसिक १६,०००, म्हणजे साधारण ४६,००० रुपये. नोव्हेंबरात तारीख घातली असती तर त्यावर पाणी सोडावं लागलं असतं.

पुण्याची बढती त्यानं नाकारली. साहेबांकडं जनरल शिफ्ट मागितली. रात्रपाळीचा भत्ता गेला, पण पहाट मिळाली. पहिले दोन महिने गुरुजींनी खर्ज आणि अलंकार यापलीकडं काही दिलं नाही, त्यात एकदा घसा बसला तेव्हा कानाघशाच्या डॉक्टरनं आठ दिवस गप्प राहायला लावलं. त्या आठवड्यात मला मेसेजवर मेसेज. मी एकाला उत्तर दिलं, बाकीच्यांना नाही. गप्प म्हणजे गप्प.

जुलैत पाच वर्षं भरली. मला वाटलं, आता राजीनामा पडणार. नाही पडला. त्यानं ती दिवाळीही नोकरीत काढली आणि मग एका सोमवारी तारीख घातली. मला दोन दिवसांनी कळवलं, आणि ते मला आवडलं.

आज तो काय करतो? संध्याकाळी घरच्या माडीवर १७ मुलांना शिकवतो. प्रवेशिकेच्या परीक्षेला दोन बसवलीत. आठवड्यातून दोन दिवस उद्यमनगरात एका ओळखीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोजावर मापं घ्यायला जातो. त्याच्या जुन्या मित्रांना हे खटकतं. “मग सोडलीस कशाला?” असं विचारतात. मला खटकत नाही. आषाढात लग्नं थांबतात, गणपतीला अवकाश असतो, तेव्हा त्या दोन दिवसांवर भाजी येते. विशारद अजून व्हायचीय. लग्न ठरलेलं नाही. वडिलांची पॉलिसी झाली, हप्ता जड आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. आता अडचण वेगळीच. लोक फोन करून कार्यक्रम ठरवतात, आणि “किती घेणार?” म्हटलं की याच्या तोंडून शब्द फुटत नाही. “द्या तुम्हाला योग्य वाटेल ते,” म्हणून मोकळा होतो. मग लोक त्यांना योग्य वाटेल तेवढं देतात, म्हणजे नारळ, शाल आणि पाकिटात पंधराशे.

“तुमचा आकडा किती?” मी विचारलं.

“आठ हजार,” तो टेबलाकडं बघून पुटपुटला.

“मी पार्टी आहे असं समजा. माझ्याकडं बघून.”

“आठ... म्हणजे तुम्ही बघा काय ते.”

“परत.”

पाणी प्यायला. घसा साफ केला. तिसऱ्यांदा आवाज फाटला, चौथ्यांदा हसू आलं. पाचव्यांदा म्हणाला, “आठ हजार. साउंड वेगळा.”

“ऍडव्हान्स?”

“तो पुढच्या वेळी शिकवा, मॅडम.”