कार्ड आहे, पण स्किनचा डॉक्टर चालत नाही म्हणतो

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिंचवडला राहते, मिस्टर भोसरीला कंपनीत आहेत, पगार १८,०००. मला आठ महिन्यांपासून कमरेला आणि मांड्यांना गजकर्ण आहे, मेडिकलमधून ट्यूब आणून लावते, चार दिवस बरं वाटतं आणि परत दुप्पट येतं. आता लहान मुलीच्या हातावरही चट्टा दिसतोय. आमचं आयुष्मान कार्ड आहे पण तीन स्किन क्लिनिकला विचारलं, तिघंही म्हणाले इथं चालत नाही. कार्ड घेणारा स्पेशालिस्ट जवळपास कसा शोधायचा?

उत्तर : आधी एक सांगते, त्या तिघांनी तुम्हाला फसवलेलं नाही. आयुष्मान कार्ड आणि आपली महात्मा फुले योजना, दोन्ही मुळात ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत, नुसतं दाखवून चिठ्ठी घेऊन घरी यायचं असेल तर ते कार्ड चालतच नाही, मग क्लिनिक कितीही फिरा. हे कार्ड देताना कुणी समजावून सांगत नाही आणि बायका उन्हातान्हात दारोदार विचारत राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

पण तुमच्या घरात दुसरं एक कार्ड असू शकतं, तिकडे तुमचं लक्षच गेलेलं नाही. मिस्टरांची पगाराची स्लिप काढा आणि त्यात ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापलाय का बघा. २१,००० पर्यंत पगार असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये असेल तर पगाराचा पाऊण टक्का कापला जातो, म्हणजे तुमच्याकडे महिन्याला साधारण १३५ रुपये, आणि कंपनी वरून ५८५ भरते. एवढे पैसे दर महिन्याला जातायत आणि तुम्ही ट्यूब विकत आणताय! ईएसआयमध्ये ओपीडी, तपासण्या, औषधं सगळं येतं, फक्त मिस्टरांचंच नाही, तुमचं आणि मुलीचंही. तुमची दोघींची नावं कार्डावर चढवलेली आहेत ना ते आधी बघा, बऱ्याच घरांत नवऱ्याचं एकट्याचंच नाव असतं, तसं असेल तर कंपनीच्या एचआरला सांगून चढवून घ्या.

तिथं थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही हे मात्र लक्षात ठेवा. कार्डावर जो ईएसआयचा दवाखाना किंवा पॅनेलचा डॉक्टर लिहिलाय तिथं आधी जायचं, त्यांनी स्किनसाठी चिठ्ठी दिली की पुढे ईएसआयच्या हॉस्पिटलला, तुमच्या जवळचं म्हणजे मोहननगरचं. त्वचेची ओपीडी कुठल्या वारी असते ते दवाखान्यातच विचारून घ्या म्हणजे हेलपाटा पडणार नाही. अडलंच कुठं तर ईएसआयचा टोल फ्री नंबर १८०० ११ २५२६.

आणि समजा ईएसआय कापत नसतील तरी घाबरू नका. पिंपरीचं महापालिकेचं वायसीएम हॉस्पिटल आहे, पुणे स्टेशनजवळ सरकारी ससून हॉस्पिटल आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, कार्डाची गरज नाही. औंधचं जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं आहे, त्या विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. लाइन लागते, सकाळी लवकर जावं लागतं, हे खरं. पण तिथं बसलेला माणूस त्वचेचा शिकलेला डॉक्टर असतो. बाहेर "स्किन क्लिनिक" अशी पाटी लावलेला प्रत्येक जण तसा असतोच असं नाही, एमडी स्किन, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी डिग्री आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर बघूनच आत जा.

आता ती ट्यूब. चार दिवस बरं आणि मग दुप्पट, हे ऐकूनच मला शंका येते की त्यात स्टेरॉइड आहे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का वाचा. अशा ट्यूबने खाज आणि लाली दबते, बुरशी आत वाढतच राहते, चट्ट्याचं रूपही बदलतं, आणि कातडी पातळ होऊन मांडीवर कायमच्या रेघा पडतात. माझ्या जावेच्या मांडीवर अजून आहेत. मुलीला तर ती ट्यूब अजिबात लावू नका. रिकाम्या झालेल्या ट्यूबसुद्धा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि किती दिवस लावली ते खरं सांगा, लाजू नका. मुलीलाही त्याच दिवशी दाखवा, घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही, नाहीतर एकमेकांकडून परत परत येतं. टॉवेल वेगळे ठेवा, आतले कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा, आणि खाज थांबली म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्याच.

प्रश्न : आईच्या अंगावर आणि तोंडात मोठे फोड येतात, डॉक्टर पेम्फिगस म्हणतात, ॲडमिट करा म्हणतात. आमचं केशरी रेशनकार्ड आहे.

उत्तर : इथं मात्र योजनेचा उपयोग होऊ शकतो, महात्मा फुले योजनेत त्वचारोगाचा वेगळा विभाग आहे. पण हॉस्पिटल त्या विभागासाठी योजनेत असलं पाहिजे, नुसता योजनेचा बोर्ड बघून जाऊ नका. आधी १५५३८८ वर फोन करून आजाराचं नाव सांगा आणि तुमच्या जिल्ह्यातलं हॉस्पिटल विचारा. तिथं गेल्यावर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या योजनेच्या माणसाला भेटा, रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद दाखवा, मंजुरी तोच मागवतो. तोंडातल्या फोडांमुळे आईचं खाणं बंद झालं असेल तर उद्यावर ढकलू नका, आजच न्या.