आधी मालकीण हो, मग डिझायनर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. प्रश्न बरेच आहेत, पण मुद्द्याचा एकच: नागपूरला खोली करून वेब डिझाईनचा क्लास लावू, की सेतू केंद्रावरचं काम सांभाळून घरीच शिकू? फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्याकडे एका वाक्यात दोनदा रेंज जाते. म्हणून लिहितो.

क्लास आत्ता लावू नकोस. क्लास वाईट असतात असं नाही. पण तिथून निघालेल्या पोट्ट्यांकडे काय असतं, तर एक खोट्या हॉटेलची साईट, एक खोट्या जिमची आणि एक स्वतःचा फोटो लावलेली. त्या साईटी पाहून कधी कोणाचा फोन आलेला नसतो. ‘तुमच्या साईटवर भाव वेगळा आहे, इथं वेगळाच सांगता’ म्हणून कोणी भांडलेलं नसतं. साईट बंद पडली तर रात्री कोणाची झोप उडत नाही. डिझाईन खरं तर या भानगडीतच शिकता येतं. म्हणून आधी स्वतःच्या मालकीची एक लहानशी साईट काढ, ती वर्षभर चालव, आणि मग लोकांची कामं घे.

विषय सापडत नाही म्हणतेस. अगं, मामांची शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे आणि तू विषय काहून शोधत फिरतेस?

पावसाळ्याच्या तोंडाशी एखादा दिवस मामांच्या शेजारी बसून राहा. हातात वही घे आणि येणारा प्रत्येक फोन ऐक. खुंट, म्हणजे कलमाचं खालचं मुळाकडचं झाड, जंबेरीचा की रंगपूर लाईमचा? त्यावर बांधलेला डोळा कोणत्या बागेतला? नग काय भाव? पाचशे घेतले तर वावरात पोचवून देता का? वरुडवरून रस्ता कसा आहे? संध्याकाळपर्यंत दिसेल की तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. ती यादी म्हणजे तुझी साईट. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न पानाच्या वरच्या भागात, कमी आलेला खाली. ‘आमची ध्येयधोरणे’ असं कोणीही विचारणार नाही, तेव्हा ते पान करूच नकोस. मामा म्हणतील, वर माझा फोटो टाक, बाजूला आमदार साहेबांचा. गोड बोलून टाळ. साईटचा फ्लेक्स झाला की त्यात कलम दिसत नाही, माणसंच दिसतात.

भाव लिहिशील तिथं तारीख लिही. ‘१५ जूनचा भाव’ असं लिहिलेलं असलं की जुन्या भावावरून वाद होत नाही, आणि तारीख शिळी दिसायला लागली की तुलाच लाज वाटून तू पान बदलतेस.

आता बनवायचं कसं. एचटीएमएल म्हणजे पानाचा मजकूर आणि रचना, सीएसएस म्हणजे त्याचं दिसणं, एवढंच सुरुवातीला. लॅपटॉपमध्ये नोटपॅड असतंच, कोड लिहायचं व्हीएस कोड फुकट मिळतं. फाईल तुझ्या मशीनवर, ब्राउझर तुझ्या मशीनवर, म्हणजे पान लिहायला आणि उघडून बघायला नेट लागतच नाही. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत काढलेली जगातली पहिली वेबसाईट १९९१ साली लोकांसाठी खुली झाली. तिचं पान सर्नने जतन करून ठेवलंय आणि ते आजच्या मोबाईलवरही उघडतं. उघडून बघ: नुसता मजकूर आणि लिंका. १९९३ मध्ये सर्नने हे सगळं तंत्र कोणालाही फुकट वापरायला मोकळं केलं, म्हणून तर तुला आज कोणाकडे परवाना मागावा लागत नाही. साध्या एचटीएमएलचं पान इतकी वर्षं टिकतं. ओढा-सोडा करून पानं बनवून देणाऱ्या कंपन्यांचं तसं नाही. त्यांचा प्लॅन संपला की पान गेलं.

एआयकडून कोड लिहून घेऊ का, असंही विचारलंस. घे. पण ज्या ओळीचा अर्थ तुला सांगता येत नाही ती ओळ साईटवर चढवू नकोस. त्यालाच विचार, ही ओळ काढली तर काय होईल, आणि मग खरंच काढून बघ.

जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हिशेब करायला लावणारी भाषा. तिच्यासाठी तुला एक काम देतो. शेतकरी एकर टाकेल, दोन झाडांतलं अंतर टाकेल, त्याला किती कलमं लागतील ते पानावर दिसलं पाहिजे. एकरात ४३,५६० चौरस फूट. अंतर २० बाय २० फूट असेल तर भागिले ४००, म्हणजे १०८ कलमं. १८ बाय १८ असेल तर १३४. गणित चौथीतलं आहे, पण करायला बसलीस की गंमत कळेल. कोणी ‘दीड’ असं अक्षरात लिहील. कोणी मराठी कीबोर्डवरून ‘१.५’ टाकील, आणि जावास्क्रिप्टला देवनागरी अंक कळत नाहीत, ते म्हणेल ही संख्याच नाही. मग आधी ते अंक इंग्रजीत बदलून घ्यावे लागतात. कोणी एकराऐवजी गुंठे टाकील, आणि पान त्याला हजारो कलमं सांगेल. म्हणून एकर की गुंठे हे निवडायला दे, ४० गुंठ्यांचा एकर. उत्तराखाली एक ओळ टाक: धुरा, विहीर, रस्ता यांची जागा वजा करा. हे एवढंसं यंत्र नीट चाललं की तू प्रोग्रामिंग शिकायला लागलीस असं समज. आणि खरं सांगतो, मामांच्या साईटवर लोक परत येतील ते या आकड्यासाठीच.

मराठी अक्षरांचं जरा निगुतीनं बघ. सेतूत तुम्ही अर्ज टाईप करता ते कृतिदेव नाहीतर श्रीलिपीच्या जुन्या फाँटात. तो मजकूर उचलून साईटवर टाकलास तर कचरा दिसतो, कारण त्या फाँटात आतली अक्षरं इंग्रजीच असतात, वर फक्त मराठी चित्र. साईटवर युनिकोडच चालतं, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. पानाच्या डोक्यात कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आणि भाषा ‘एमआर’ लिही. भाषेचा कोड हिंदीचा ‘एचआय’ ठेवलास किंवा विसरलीस, तर ज्या फाँटात दोन्ही वळणं असतात तिथं ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. बघणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी परकं वाटतं. फाँट फुकट आहेत, मुक्ता घे किंवा नोटो सान्स देवनागरी.

इंग्रजी साईटींवरून एक सवय मात्र उचलू नकोस. तिकडे मथळ्याच्या अक्षरांत सुटं अंतर देतात, छान दिसतं. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अंतर शून्य ठेव. तिरकी अक्षरंही नको. ओळींमध्ये मात्र मोकळी जागा जास्त दे, सीएसएसमध्ये लाईन-हाईट १.६ ते १.८, कारण आपल्या मात्रा वर जातात आणि उकार खाली, आणि दाटीत एका ओळीचा उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

फोटो मामांच्या मोबाईलमधून घेशील. एकेक तीन ते पाच एमबीचा असतो. असे दहा टाकलेस तर पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या रोपवाटिकेला फोन लावून मोकळा होतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आण, वेबपी या प्रकारात सेव्ह कर, एक फोटो दीडशे केबीच्या आत बसव. गुगलवरून संत्र्याचे चकचकीत फोटो उचलू नकोस. ते कोणाच्या तरी मालकीचे असतात, आणि गिऱ्हाईक आल्यावर त्याला ती बाग दिसतही नाही. साईट तपासायची ती लॅपटॉपवर नाही. मामांचा फोन घे, रोपवाटिकेच्या मागच्या टोकाला जा जिथं टॉवर धड पकडत नाही, आणि तिथं उघड. फोन नंबरवर बोट ठेवलं की थेट कॉल लागला पाहिजे, व्हॉट्सॲपची लिंकही तशीच.

आता डोमेन, म्हणजे साईटचा नाव-पत्ता. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून लक्ष देऊन वाच. तू रोज सातबारे काढून देतेस; डोमेन जवळपास तसंच, ज्याच्या नावावर नोंद त्याचं. फरक एवढा की ते कायमचं कधीच होत नाही, वर्षावर्षानं नूतनीकरण, एका वेळी फार तर दहा वर्षांपर्यंत. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षी भाव चढतो, तेव्हा विकत घेतानाच नूतनीकरणाचा दर बघ. तारीख चुकली की साईट बंद, त्या नावावरचा ईमेल बंद. मग काही दिवस जबर दंड भरून सोडवता येतं, आणि तेही गेलं की कोणीही विकत घेतं. चांगल्या चालत्या नावावर मग जुगाराच्या जाहिराती लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

साईट चालवशील तू, पण धंदा मामांचा, म्हणून नोंदणी मामांच्या नावानं कर, ईमेल मामांचा, मोबाईल नंबर जो ते बदलणार नाहीत असा. सेतूचा सामाईक ईमेल अजिबात नको. पासवर्ड वहीत लिहून कपाटात, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू. पुढे लोकांची कामं करशील तेव्हाही हाच नियम. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेचं डोमेन बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावावर ठेवलं होतं. तो पुण्याला गेला, नंबर बदलला. संस्थेला शेवटी नवं नाव घ्यावं लागलं, आणि जुनं नाव छापलेले दाखले, पाट्या, लेटरहेड सगळं बदलावं लागलं.

नाव .इन मध्ये घे. देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतं, वाटल्यास तेही घेऊन ठेव, पण फोनवर सांगायला आणि टाईप करायला लोकांना अजून अवघड जातं. नाव ठरलं की पाच जणांना तोंडी सांग आणि टाईप करायला लाव. ‘संत्रा’चं स्पेलिंग दोघांनी वेगळं केलं तर ते नाव सोडून दे.

होस्टिंगवर, म्हणजे साईट ठेवायच्या जागेवर, पैसे आत्ता घालू नकोस. तुझी पानं साधी आहेत, गिटहब पेजेसवर फुकट राहतात, सुरक्षिततेचं प्रमाणपत्रही तिथं फुकटच मिळतं. डोमेन जोडल्यावर सगळीकडे दिसायला काही तास, कधी एखादा दिवस लागतो. तेवढ्यात घाबरून सेटिंग सतरा वेळा बदलू नकोस. वर्डप्रेस, म्हणजे साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, नंतर. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साईटी त्यावर आहेत, त्यामुळे ते शिकावं लागेलच, पण त्याला सतत अपडेट लागतं आणि दुर्लक्ष केलं की कोणीतरी आत घुसतं.

सेतूत बसतेस म्हणून एक सांगून ठेवतो. तुला कोणीतरी नक्की सुचवेल की ‘सरकारी योजनां’ची साईट काढ, लय चालते. माहिती लिहायला हरकत नाही. पण वर अशोकस्तंभाची राजमुद्रा लावायची नाही, त्याविरुद्ध २००५ चा कायदा आहे. आणि फॉर्ममध्ये लोकांचे आधार नंबर, बँकेचे खाते नंबर गोळा करायचे नाहीत. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा तर आहेच, पण तो घडीभर बाजूला ठेव. तुझ्या साईटवरून गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याचं खातं रिकामं झालं तर तुला त्या गावात राहायचं आहे.

वर्षभरानं लोक येतील: कृषी केंद्र, मंगल कार्यालय, चिखलदऱ्याचा एखादा होमस्टेवाला. ‘घरचीच पोरगी आहे, पैशाचं काय एवढं’ हे ऐकायची तयारी ठेव. थोडे घे, पण फुकट करू नकोस, कारण फुकटच्या साईटला मालक नवे भावसुद्धा पाठवत नाही. एका कागदावर लिहून घे: पानं किती, मजकूर आणि फोटो कोण देणार, दुरुस्त्या किती वेळा. निम्मे पैसे आधी. डोमेनचं बिल त्यांनी परस्पर भरायचं, तुझ्या खिशातून नाही. वर्षाची देखभाल वेगळी. काम अडतं ते नेहमी मजकुरापाशी, म्हणून मजकूर हातात आल्याशिवाय तारीख देऊ नकोस. आणि कृषी केंद्रवाल्याला फक्त नकाशावर दुकान दिसायला हवं असेल, तर त्याला गुगलवर दुकानाची फुकट नोंद करून दे, करून दिल्याचे चार पैसे घे आणि साईटची गरज नाही असं सरळ सांग.

लॅपटॉपचं राहिलंच. जुना चालतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे जलद चालणारी डिस्क, असावी, बाकी काही बघू नकोस. बॅटरी मात्र नवी टाकून घे, तुमच्याकडे दुपारची लाईन कधी जाईल याचा नेम नाही. मामांना नमस्कार सांग, आणि फोटो काढायच्या आधी कलमांच्या रांगांमधलं तण काढून घ्या म्हणावं.

तुझा,
काका