क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यात आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. फुल फ्रेम घेतल्याने खरोखर किती फरक पडेल?

नमस्कार. आपण लिहिले आहे की आपण गेवराई तालुक्यात लग्नांचे आणि हरिनाम सप्ताहातील कीर्तनांचे फोटो काढता, हिवाळ्यात नाथसागरावर (पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर) पक्षी टिपायलाही जाता, आणि आपल्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेला, कॅमेरा असून सोबत १८-५५ आणि ७०-३०० मि.मी. अशा दोन लेन्स आहेत. रात्रीच्या मांडवात आयएसओ (सेन्सरवरचा प्रकाशाचा सिग्नल कॅमेऱ्याने किती वाढवायचा तो आकडा) ३२०० च्या पुढे गेले की फोटोत दाणे दिसू लागतात, आणि ‘फुल फ्रेमला नॉईज (म्हणजे हे दाणे) येतच नाही’ असे कोणी सांगितल्यामुळे कर्ज काढून नवा कॅमेरा घ्यावा का, असा आपला प्रश्न आहे. मी परभणीत गेली बावीस वर्षे हेच काम करतो आणि दोन्ही प्रकारचे कॅमेरे वापरले आहेत. फरक निश्चित आहे, तो साधारण सव्वा स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). परंतु आपल्या आजच्या अडचणीत त्याहून मोठा वाटा आपल्या लेन्सचा आहे. कर्जाचा हप्ता सुरू होण्याआधी हा हिशेब आपल्यासमोर असावा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दाणे येतात कुठून, ते पाहू. लग्न लागल्यावर मांडवातल्या सतरंजीकडे एकदा निरखून पाहा. आपल्याकडे अक्षता म्हणून बहुधा रंगवलेली ज्वारीच वापरतात. सतरंजीवरच्या चौकटी सारख्या आकाराच्या असतात आणि अक्षता सगळीकडे सारख्याच पडल्या आहेत असे लांबून वाटते. पण मोजायला बसलो तर एका चौकटीत चार दाणे, शेजारच्या चौकटीत सात आणि पलीकडच्या चौकटीत दोनच असे दिसते. तिथे कोणी मुद्दाम कमीजास्त टाकलेले नसतात, सुटे दाणे पडण्याची रीतच तशी आहे. प्रकाशही असाच सुट्या कणांनी येतो आणि त्या कणांना फोटॉन म्हणतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडत असतील, तर त्यातील चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० चा असतो; हा एक टक्का डोळ्याला जाणवत नाही. सरासरी १०० च फोटॉन पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के होतो. नवरीच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात २५ च पडत असतील तर तो पाचाचा, म्हणजे तब्बल वीस टक्के होतो, आणि एकाच रंगाचा पडदा ठिपक्याठिपक्यांचा दिसू लागतो. आपण ज्याला नॉईज म्हणतो त्याचा मोठा भाग हाच आहे. तो कॅमेऱ्याचा दोष नसून अपुऱ्या प्रकाशाचा गुणधर्म आहे, आणि म्हणूनच ‘नॉईज येतच नाही’ असा कॅमेरा कोणत्याही किमतीला मिळणार नाही.

आता सेन्सरच्या आकाराकडे येऊ. फुल फ्रेम सेन्सर जुन्या ३५ मि.मी. रोलच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मि.मी. असतो आणि त्याचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मि.मी. भरते. निकॉन व सोनीचा क्रॉप सेन्सर सुमारे २३.५ बाय १५.६ मि.मी. असतो, म्हणजे साधारण ३६७ चौरस मि.मी.; कॅननचा त्याहून थोडा लहान, सुमारे ३३२ चौरस मि.मी. असतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र; एफपुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) आणि आयएसओ तेच ठेवले तर दोन्ही सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सारखाच प्रकाश पडतो. मात्र मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश सुमारे २.३५ पट गोळा होतो. सव्वा स्टॉप हा आकडा इथून आला. कॅननच्या क्रॉपशी तुलना केली तर तो सुमारे १.४ स्टॉप होतो. दोन्ही सेन्सर साधारण एकाच पिढीचे असतील तेव्हाच हा हिशेब लागू पडतो. जुना फुल फ्रेम स्वस्तात मिळतो म्हणून आपल्या आजच्या क्रॉप कॅमेऱ्याऐवजी घेतला, तर हा सव्वा स्टॉप पूर्ण पदरात पडेलच असे समजू नका.

आयएसओबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. दाणे आयएसओच्या आकड्यामुळे निर्माण होत नाहीत. आकडा वाढवावा लागतो याचा अर्थ प्रकाश कमी आहे, आणि दाणे त्या कमी प्रकाशातून येतात. २०१२ च्या सुमारास जिंतूर तालुक्यातील एका गावात रात्रीच्या वरातीचे काम माझ्याकडे होते. दाण्यांच्या भीतीने मी आयएसओ १६०० च्या पुढे नेलाच नाही, फोटो दोन स्टॉप अंधारे आले आणि घरी येऊन मी ते संगणकावर उजळले. नवरदेवाच्या काळ्या कोटावर जांभळे-हिरवे डाग आणि आडवे पट्टे उमटले, कोटाची शिवण कुठे आहे तेही कळेना. त्याच शटरला आणि त्याच अ‍ॅपर्चरला आयएसओ ६४०० ठेवला असता तर हेच फोटो बरेच स्वच्छ आले असते. सेन्सरवर जमलेला सिग्नल वाचताना कॅमेऱ्याची विद्युत यंत्रणा स्वतःचा थोडा गोंगाट त्यात मिसळते. आधी सिग्नल वाढवून मग वाचला तर त्या गोंगाटाचे प्रमाण कमी राहते, आणि आधी वाचून मग संगणकावर वाढवला तर गोंगाटही सोबत वाढतो. अलीकडच्या सेन्सरमध्ये हा फरक पुष्कळ कमी झाला आहे, तरीही अंधारा फोटो काढून नंतर उजळण्याची सवय आपण लावून घेऊ नये असे मला मनापासून वाटते.

पुढे एका फोटोग्राफर मित्राने फुल फ्रेम कॅमेरा घेतला, तेव्हा आम्ही दोघांनी माझ्या स्टुडिओत दिवे मालवून एक पाच वातींची समई लावली आणि तिच्या मागे पैठणीचा पदर टांगला. माझ्या क्रॉप कॅमेऱ्याला ३५ मि.मी. लेन्स होती, त्याच्या फुल फ्रेमला ५० मि.मी., त्यामुळे चौकटीत येणारे दृश्य जवळजवळ सारखेच होते. दोन्हींवर एफ १.८, शटर १/१००, आयएसओ ३२०० असे ठेवून एकेक फोटो काढला. बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटवर फुल फ्रेमचा फोटो उघडपणे स्वच्छ होता. माझ्या फोटोत पदराच्या गडद जांभळ्या भागावर रवाळपणा दिसत होता, त्याच्यात तो भाग सलग होता. पण आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या फोटोत समईबरोबर मागच्या मोराची पिसेही ओळखू येत होती, त्याच्या फोटोत मोर पार धूसर झाला होता. मग त्याने मोर माझ्याइतकाच स्पष्ट यावा म्हणून अ‍ॅपर्चर लहान करून एफ २.८ केले, आणि शटर तेच ठेवायचे असल्याने आयएसओ ८००० वर न्यावा लागला. ही तिसरी प्रिंट आणि माझी पहिली प्रिंट टेबलावर उलटसुलट ठेवल्या, तेव्हा कोणती कोणाची हे आम्हा दोघांनाही सांगता आले नाही.

फुल फ्रेमचा फायदा कुठे मिळतो आणि कुठे हातून जातो, हे मला त्या संध्याकाळी समजले. तेवढेच दृश्य, तेवढेच अ‍ॅपर्चर आणि तेवढेच शटर असेल तर सव्वा स्टॉप आपला. पण नवरा-नवरी पुढेमागे उभे आहेत, दोघांचेही चेहरे स्पष्ट हवेत, म्हणून अ‍ॅपर्चर लहान केले की तो फायदा तिथेच खर्च झाला. लग्नात अशी वेळ सारखी येते. कीर्तनात मात्र बुवा एकटे उभे असतात, मागचे टाळकरी धूसर झाले तरी चालते, आणि तिथे फुल फ्रेम आपले पैसे वसूल करून देतो.

आता आपल्या लेन्सकडे या. आपली १८-५५ लेन्स ५५ ला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ ५.६ आणि एफ १.८ यांच्यात प्रकाशाचा फरक साडेनऊ पटींहून अधिक, म्हणजे सव्वातीन स्टॉपचा आहे. आज जिथे आपण आयएसओ ६४०० वापरता, तिथे ५० मि.मी. एफ १.८ लेन्स लावून आपला हाच कॅमेरा आयएसओ ६४० वर ते काम करू शकेल. फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढे स्पष्ट दिसते तेवढे अंतर, अर्थातच कमी होईल, आणि दोन चेहरे असतील तेव्हा आपणही एफ २.८ वर याल. तरीही दोन स्टॉप हाती राहतात. उलट कर्ज काढून फुल फ्रेम घेतला आणि त्यासोबत एफ ३.५-५.६ चीच किट लेन्स आली, तर एवढ्या खर्चातून सव्वा स्टॉपच मिळेल. त्याहून वाईट म्हणजे क्रॉपसाठी बनवलेली आपली १८-५५ लेन्स फुल फ्रेमला लावली, तर बहुतेक कॅमेरे सेन्सरचा मधला तुकडाच वापरतात, म्हणजे आपण पुन्हा क्रॉपवरच येता. काही जुन्या फुल फ्रेम कॅमेऱ्यांवर तर अशी लेन्स बसतच नाही. हा भाग दुकानात सहसा कोणी समजावून सांगत नाही.

मांडवातील दिव्यांचा रंगही नॉईज वाढवतो. सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्या गाळणीचे, पाव लाल आणि पाव निळ्या गाळणीचे असतात. पिवळ्या बल्बच्या किंवा हॅलोजनच्या उजेडात निळा प्रकाश फारच थोडा असतो. व्हाइट बॅलन्स (पांढरे ते पांढरेच दिसावे म्हणून रंगांचा समतोल) नीट करताना कॅमेरा तोच दुबळा निळा भाग कितीतरी पट वाढवतो आणि दाणे प्रथम तिथे दिसतात. म्हणून पिवळ्या मांडवातील आयएसओ ३२०० हा दिवसाच्या सावलीतील आयएसओ ३२०० पेक्षा जास्त रवाळ असतो, कॅमेरा तोच असला तरी. मदतनीसाच्या हाती एक चांगला पांढरा एलईडी दिवा दिला आणि तो बाजूने, थोडा उंचावरून धरायला लावला, तर आपले अर्धे दुखणे कमी होईल.

आणखी एक विनंती आहे. संगणकावर फोटो शंभर टक्के मोठा करून दाणे मोजू नका. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल असते. चोवीस इंची साध्या फुल एचडी मॉनिटरवर तो शंभर टक्क्यांना पाहणे म्हणजे सुमारे साडेपाच फूट रुंदीची प्रिंट दीड फुटावरून पाहणे आहे. अल्बमच्या बारा बाय अठराच्या पानावर एका इंचात ३३३ पिक्सेल येतात आणि त्यात बारीक दाणे विरून जातात. माझ्याकडे अल्बम न्यायला आलेल्या कुटुंबांपैकी कोणीही आजवर दाण्यांची तक्रार केलेली नाही. हललेला फोटो, मिटलेले डोळे आणि अल्बममध्ये राहून गेलेला मामा यांच्या तक्रारी मात्र भरपूर येतात. म्हणून दाणे आले तरी चालतील, पण शटरचा वेग कमी होऊ देऊ नका. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात काढत असाल तर आजची नॉईज कमी करणारी सॉफ्टवेअर एक-दोन स्टॉपचे दाणे सहज सावरून घेतात. हललेला चेहरा ती सावरू शकत नाहीत.

विषय स्थिर असेल तर हा सगळा हिशेब बदलतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही आणि उजेड अगदी मंद असतो, परंतु भिंतीवरचे चित्र हलत नाही. लेन्सला किंवा कॅमेऱ्याला स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर श्वास रोखून १/१० सेकंदालाही फोटो मिळतो. एकाच दृश्याचे चार फोटो काढून संगणकावर त्यांची सरासरी केली तर नॉईज निम्मा होतो, आणि क्रॉप-फुल फ्रेमच्या फरकापेक्षा हा लाभ मोठा आहे.

फुल फ्रेम घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. एफ १.८ ची लेन्स, एक दिवा आणि योग्य एक्सपोजर एवढे करून एक लग्नसराई पार पाडा. त्यानंतरही कीर्तनात १/२०० शटरसाठी आयएसओ ६४०० च्या वर जावे लागत असेल आणि प्रिंटवर ते खटकत असेल, तर फुल फ्रेम जरूर घ्या. पण त्याच्याच मापाची उजळ लेन्स खरेदीच्या रकमेत आधीच धरा.

तेव्हाही क्रॉप कॅमेरा विकू नका, आणि याचे कारण नाथसागर आहे. ३०० मि.मी. लेन्समधून लांबच्या रोहित पक्ष्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा दोन्ही कॅमेऱ्यांत तेवढ्याच मिलिमीटरची असते आणि पक्ष्यावरून येणारा प्रकाशही तेवढाच असतो. मोठ्या सेन्सरला मिळालेला जादा प्रकाश भोवतालच्या पाण्याचा असतो आणि तो भाग आपण नंतर कापूनच टाकतो. निकॉनच्या डी८५० (फुल फ्रेम) आणि डी५०० (क्रॉप) या दोन कॅमेऱ्यांच्या पिक्सेलचा आकार जवळपास सारखा, सव्वाचार मायक्रॉनच्या आसपास आहे. ४५.७ मेगापिक्सेलच्या डी८५० च्या फोटोतून क्रॉपएवढा मधला तुकडा कापला तर सुमारे १९ मेगापिक्सेल उरतात, म्हणजे डी५०० च्या २०.९ मेगापिक्सेलपेक्षा किंचित कमीच, आणि त्या तुकड्यातील दाणेही जवळपास तेवढेच असतात. लेन्स पक्ष्यापर्यंत पोहोचत नसेल तिथे फुल फ्रेमला काहीच जादा मिळत नाही. पहाटेच्या उजेडात पक्षी टिपण्यासाठी आपल्या आजच्या कॅमेऱ्याला अधिक लांब किंवा अधिक उघडणारी लेन्स लागेल, आणि सूर्य वर येईपर्यंत पाण्याच्या काठाशी आणखी थोडे जवळ, शांतपणे बसावे लागेल.