चिलापीच्या तळ्यात गिफ्ट सोडू का?

इंदापूरकडच्या एका दादांनी विचारलंय, शेततळ्यात धरणातनं आणलेली चिलापी म्हणजे तिलापिया मासा तीन वर्षं आहे, तळहाताएवढीच राहते, त्यातच गिफ्ट या सुधारित तिलापियाचं बीज, म्हणजे लहान पिल्लं, सोडलं तर संकर होऊन मासा मोठा होईल का.

दादा, नका सोडू. फोटो बघितला, शेपटीवर उभे पट्टे नाहीत, नर काळपट आणि जबड्याखाली पांढरा, म्हणजे ही मोझांबिक तिलापिया, १९५२ ला भारतात आणलेली. ही दोन-तीन महिन्यांतच अंड्यावर येते, मग खाद्य अंगी लागत नाही, पिल्लावळीत जातं, तळं भरतं पण वजन भरत नाही. गिफ्ट ही नाईल तिलापियाची सुधारित जात, १९८८ पासून फिलिपिन्समध्ये जोमाने वाढणारेच नर-मादी निवडत तयार केलेली. ती सगळी मेहनत तुमच्या तळ्यात एका हंगामात वाया जाईल, कारण या दोन जाती सहज मिसळतात आणि त्यांची पिल्लंही पुढे पिल्लं देतात. बरेच जण म्हणतात आम्ही मोनोसेक्स म्हणजे सगळे नरच आणतो, मग काय बिघडतं, अहो पण माद्या तळ्यात आधीच आहेत ना! संकर म्हटलं की आपल्याला मक्याचं हायब्रीड आठवतं, पण तिथे दरवर्षी ठरलेल्या आई-बापाचं नवं बियाणं बनतं, तळ्यात कोण कोणाशी जुळलं याचा हिशोबच राहत नाही.

आधी तळं पूर्ण उपसा आणि तळ कडक वाळू द्या. डबक्यात एक मादीसुद्धा ठेवू नका, ती अंडी-पिल्लं तोंडात धरून बसते. अस्तर नसलेलं तळं उपसत नसेल तर जुने मासे मारायला मोहाची पेंड टाका, एक मीटर खोल पाण्याला गुंठ्याला साधारण २५ किलो, आणि नवीन बीज तीन आठवड्यांनीच. पाणी घेताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधाच, नाहीतर कॅनॉलमधनं चिलापी परत येते. गिफ्टला मत्स्य विभागाची परवानगी लागते, बीज मान्यताप्राप्त हॅचरीचंच घ्या.

दुसरे एक जण जयंती रोहू (निवडीने सुधारलेली रोहू) आणि गावठी रोहू एकत्र सोडायचं विचारतायत. तिथे ही भीती नाही, रोहू साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाही. फक्त बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एकाच मापाची घ्या, मोठी असतात ती खाद्य खाऊन टाकतात. आणि कोणती जास्त वाढते बघायचं असेल तर दोन तळ्यांत वेगळी ठेवून महिन्याला वजन करा, एकत्र जाळ्यात आल्यावर कोणती कुठली ते मलाही नुसतं बघून सांगता येणार नाही.