सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लाइव्ह डिस्क टाकून नेटबँकिंग केलं तर चालेल का? आणि त्यासाठी टेल्स ही ओळख लपवणारी लाइव्ह सिस्टीम घेऊ का?

चालेल, जरूर करा. मीही नेरुळला आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर मॅनेजर बसतो, कमिटीवाले बसतात, प्रिंट काढायला कुणाचीही मुलं पेनड्राइव्ह घेऊन येतात. त्या विंडोजमध्ये सोसायटीच्या खात्याचा पासवर्ड टाकायची माझी तयारी नाही. पैसा सगळ्या सभासदांचा आहे.

लाइव्ह डिस्क म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम असलेली डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह. तिच्यावरून मशीन सुरू केलं की हार्डडिस्कवरचं विंडोज उठतच नाही, त्यामुळे त्यात दाबलेली बटणं टिपणारा कीलॉगर बसला असला तरी तो चालत नाही. काम रॅममध्ये होतं, बंद केलं की ब्राउझरमधलं सगळं जातं. मी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो. तिची आयएसओ (डिस्कवर लिहायची फाइल) तीन जीबीच्या आसपास आहे, म्हणजे डीव्हीडी लागते. मशीनला ड्राइव्ह असेल तर डीव्हीडीच घ्या. डीव्हीडी-आर एकदा लिहून बंद केली की तिच्यात कुणी काही घुसवू शकत नाही. पेनड्राइव्हमध्ये घुसवता येतं, म्हणून तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका, घरी न्या. मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायचा बूट मेनू बहुतेक डेलवर एफ१२ ने, एचपीवर एफ९ ने येतो.

डाउनलोड मात्र घरच्या, भरवशाच्या मशीनवर करा आणि तपासल्याशिवाय वापरू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटची वेबसाइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक बॅकडोअर (चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे वळवली होती. नुसता चेकसम (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून भागत नाही, कारण साइटमध्ये शिरलेला माणूस तोही बदलेल. चेकसमच्या फाइलवरची जीपीजी सही, म्हणजे मिंटवाल्यांची डिजिटल सही, तपासा. पहिल्यांदा किचकट वाटेल, तरी कराच.

टेल्स बँकेसाठी नको. ते सगळं टॉरमधून, म्हणजे जगभरच्या मधल्या सर्व्हरांवरून फिरवून, पाठवतं, बँकेला तुमचं लॉगिन भलत्याच देशातून आल्यासारखं दिसतं आणि खातं ब्लॉक होऊ शकतं. पत्रकाराला गुपचूप कागदपत्रं पाठवायची असतील तर टेल्स उत्तम. बँकेपासून ओळख लपवून तुम्हाला काय मिळणार?

सीपीयूच्या मागे कीबोर्डची वायर जिथे लागते तिथे मध्येच एखादा छोटा डोंगल नाही ना, हे बसण्याआधी बघा. हार्डवेअर कीलॉगर तसाच दिसतो आणि त्याच्यापुढे डिस्कचं काही चालत नाही. बँकेचा पत्ता स्वतः टाइप करा, मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका. ब्राउझर जुना होतो, म्हणून दर काही महिन्यांनी नवी डीव्हीडी लिहा आणि जुनी मोडून टाका.